अमरवेल आणि समुद्राची गोगलगाय

"हिरवं कुठं आहे, मॅडम? मी एवढंच विचारतो, हिरवं कुठं आहे?"

बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते आणि ओरडत होते. आवाज असा, की आमच्या कपाटातला सांगाडा दोनदा हलला. मी स्वतः पाहिला. बाकी कोणी पाहिला नाही त्याला माझा इलाज नाही. टेबलाच्या अलीकडे निवड समितीचे चार जण आणि पलीकडे अर्चना मॅडम. मॅडमच्या एका हातात जांभळा दिवा, दुसऱ्या हातात अंगठ्याएवढी काचेची बाटली. बाटलीत स्वच्छ, नितळ स्पिरिट आणि तळाला तीन पांढुरक्या गोगलगाई, भिजलेल्या कागदाच्या कपट्यांसारख्या. सगळ्यांच्या मागं, भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून मी. सुपडा, प्रयोगशाळा परिचर, जीवशास्त्र विभाग.

बाटलीत हिरवं का नव्हतं, हे त्या क्षणी त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोन करून सांगितलं, की नोकरीतल्या गमतीजमती लिहा, तुम्ही बोलता फार रंगवून. मी हो म्हणालो. बोलायला काय लागतं? लिहायला बसलो तेव्हा कळलं, की रंग सगळा हातवाऱ्यांत होता. आता गुडघे बसू देत नाहीत, बोटं पेन धरू देत नाहीत, आणि जी गोष्ट सांगायला नको होती तीच सगळ्यात आधी कागदावर उतरून बसली. असो. आली आहे तर सांगतो. पण आधी हे काम काय असतं ते ऐकून घ्या, नाहीतर त्या बाटलीचं महत्त्व कळायचं नाही.

प्रयोगशाळा परिचर म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, रक्त तपासता का? माझ्या सोयरीकीच्या वेळी सासऱ्यानं गावभर सांगितलं होतं की जावई सायन्समधे आहे. नंतर ते एकदा कॉलेजवर आले, मला टबात हात घालून बाटल्या धुताना पाहिलं आणि चहा न घेता निघून गेले. काम म्हणजे हेच. मास्तर लोक शिकवतात ते ज्याच्यावर बोट ठेवून शिकवतात, ती वस्तू आम्ही टेबलावर आणून ठेवायची. फुलं पाहिजेत, फुलं आणा. गांडूळ पाहिजे, उकिरडा खणा. सूक्ष्मदर्शकाची काच पुसा, पोरांच्या बोटांचे तेलकट ठसे पुसा, पुन्हा पुसा. आणि बरण्या. कपाटांत बेडूक, साप, विंचू, खेकडे, सगळे औषधात बुडवलेले. फॉर्मालिनच्या वासानं डोळ्यांना धार लागते. तीस वर्षांत मी जेवढा रडलो तेवढं आमच्या उंद्रीच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या नवऱ्या मिळून मांडवात रडल्या नसतील. नाक तर कधीच गेलं. आता घरी दूध करपतं आणि मी शेजारी बसून पेपर वाचत असतो. बायको म्हणते, तुमच्या त्या बेडकांनी तुमाले अर्धं तिकडंच ठेवून घेतलं.

वर्षातून एकदा आमचा सण, प्रात्यक्षिक परीक्षा. दहा टेबलांवर दहा वस्तू मांडायच्या, प्रत्येकीपुढं चिठ्ठी, 'ओळखा'. घंटा झाली की पोरानं पुढच्या टेबलाकडं सरकायचं. घंटा माझ्या हातात. त्या दिवशी प्राचार्यसुद्धा माझ्याकडं बघून चालायचे. एका पोरानं बेडकाच्या बरणीपुढं लिहिलं होतं, 'बेडूक. मयत.' मास्तरांनी शून्य दिलं. मला अजून वाटतं, त्याचं काही चुकलं नव्हतं.

एक प्रयोग मात्र मी एवढ्या वेळा मांडला की झोपेत मांडू शकतो. हिरवं पान घ्यायचं, स्पिरिटात टाकून गरम पाण्यावर ठेवायचं. थोड्या वेळात पान पांढरं पडतं आणि स्पिरिट हिरवंगार होतं. पानातलं हिरवं सगळं स्पिरिट ओढून घेतं. मग त्या पांढऱ्या पानावर आयोडीन टाकलं की ते निळंकाळं होतं, म्हणजे पानात पिठूळ अन्न तयार झालं होतं हे सिद्ध झालं. जिल्ह्यातली निम्मी पानं मी अशी पांढरी केली आहेत. हे मी मुद्दाम सांगतो आहे. स्पिरिट हिरवं ओढून घेतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता माझ्याबद्दल. मी थापा मारतो. ते लपवून काय उपयोग, तालुक्याला माहीत आहे. आमच्या सांगाड्याची गोष्ट तर चिखलीच्या स्टँडवर लोक मला थांबवून ऐकायचे. मी तो सांगाडा बुलढाण्याहून एसटीत, खिडकीजवळच्या सीटवर बसवून आणला. कंडक्टर म्हणाला याचं तिकीट. मी म्हणालो, अर्धं दे, वजन पाहा ना बे. मागच्या सीटवरची म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, लेकरा, घरचे खायाले देत नाहीत का रे याले? दर वर्षी या गोष्टीत एक प्रवासी वाढायचा. शेवटी शेवटी तर गाडी एवढी भरली, की टपावर माणसं बसवावी लागली. खरं विचाराल तर सांगाडा खोक्यातून टेम्पोनं आला आणि मी त्या दिवशी रजेवर होतो.

पण लोक हसायचे. मास्तर लोकांत भांडण पेटलं, की प्राचार्य मला बोलावून घ्यायचे, सुपडा, काहीतरी सांग बे. मी सांगायचो, भांडण विझायचं. तीस वर्षांत माझ्या थापेनं कोणाचं काही बिघडलं नाही, अशी माझी समजूत होती.

अर्चना मॅडम आमच्याकडं तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांपुरत्या तुम्ही प्राध्यापक, एरवी कोणी नाही. हजेरीपटावर नाव पेन्सिलनं. धामणगाव बढ्याहून रोज दोन गाड्या बदलून यायच्या, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. शिकल्या होत्या कोकणात. तिथं ओहोटीला खडकांवर उकिडवं बसून किडेमुंग्या शोधायची सवय लागलेली, ती सवय घेऊन आमच्या काळ्या मातीत आल्या. इथं समुद्र नाही. लोणारचं तळं आहे, पण ते खारं असलं तरी त्याला समुद्र म्हणायला मीसुद्धा धजत नाही.

एका हिवाळ्यात त्या सकाळी सकाळी पिवळ्या दोऱ्यांचा गुंता घेऊन प्रयोगशाळेत आल्या. बोरीच्या कुंपणावरून ओढून आणलेला.

"सुपडाभाऊ, हे काय आहे?"

"शेवयांचं भांडण झालं दिसते, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. त्यांना माझ्या विनोदावर हसायला वेळ लागायचा, आणि हसल्या तर खऱ्या हसायच्या. त्यांनी मला भिंग दिलं. ती अमरवेल होती. आपण सगळ्यांनी पाहिलेली, बाभळीवर, बोरीवर, मेंदीच्या कुंपणावर पसरलेली. तिला पान नाही. एकदा झाड पकडलं की जमिनीत मूळही नाही. बी रुजलं की एक बारीक दोरा निघतो आणि हवेत चाचपडत फिरतो. जवळ झाड सापडलं तर त्याला विळखा घालून, बारक्या सुया टोचून रस पितो. नाही सापडलं तर चार दिवसांत मरतो. स्वतःसाठी अन्न करायचं ते हिरवं द्रव्य तिच्यात असलंच तर नावापुरतं. पण भिंगातून पाहिलं तर त्या पिवळ्या दोऱ्यांवर पांढरी, घंटेसारखी, इतकी सुबक फुलं, की मला वाटलं, एवढं आयतं खाऊन हिला नटायची हौस कशी.

मग त्यांनी पर्समधून ती बाटली काढली. कोकणातून येताना आणलेली, समुद्रातली गोगलगाय, शंख नसलेली. तीन होत्या, प्रत्येक नखाएवढी. मी गावात सांगताना ती हातभर लांब केली होती, ते इथं दुरुस्त करतो. मॅडम म्हणाल्या, जिवंत असते तेव्हा ही थेट हिरव्या पानासारखी दिसते. कारण ती शेवाळाचा रस पिते, रसातलं बाकी सगळं पचवते, पण त्यातलं हिरवं द्रव्य तेवढं पचवत नाही. ते अंगात जागच्या जागी मांडून ठेवते आणि उन्हात पंख पसरावेत तशी पडून राहते. खायला मिळालं नाही तरी कितीतरी दिवस तग धरते.

मी दोन्हींकडं आळीपाळीनं पाहिलं.

"म्हणजे मॅडम, हे झाड असून आयतं खाते, अन् हे जनावर असून स्वतःचं रांधून खाते."

"चोरलेल्या चुलीवर," मॅडम म्हणाल्या. "अन् किती रांधते त्याच्यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. पण तुम्ही बोलले ते मी वर्गात सांगीन, बरं का."

आणि त्यांनी सांगितलंसुद्धा. पुस्तकात 'फरक स्पष्ट करा' असतं ना, वनस्पती आणि प्राणी, दोन रकाने, इकडं पान तिकडं पाय. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि पोरांना म्हणाल्या, आता सांगा कोणाला कुठं बसवू? एकीला फुलं येतात, बी येतं, पण अन्न करता येत नाही. दुसरी चालते, अंडी घालते, आणि अंगावर ऊन घेऊन पोट भरते. मागच्या बाकावरची पोरंही त्या दिवशी भांडली. घंटा द्यायची मी विसरलो. नोकरीतल्या एवढ्या घंटांत ती एकच विसरलो असेन.

त्यानंतर मला चाळाच लागला. स्टाफरूममधला प्रत्येक माणूस मी अमरवेल की गोगलगाय ते ठरवून टाकलं. एक मास्तर दुसऱ्याच्या नोट्सवर जन्मभर शिकवत होते, ते अमरवेल, वर फुलंही त्यांनाच. मॅडमनी विचारलं, मी कोण? मी म्हणालो, तुम्ही बोरीचं झाड. सगळे तुमच्यावर. त्या दिवशी त्या खऱ्या हसल्या.

सहा वर्षांनी एक जागा निघाली. कायमची. दोघं जण शेवटपर्यंत टिकले, एक मॅडम आणि एक अमरावतीकडून आलेला तरुण, बोलायला गोड. मॅडमची वयोमर्यादा त्या वर्षी संपत होती. समितीपुढं प्रत्येकानं एक पाठ घ्यायचा, त्यावर ठरणार. मॅडम मला म्हणाल्या, या खेपेला नाही झालं तर मी सोडून देते, सुपडाभाऊ, गाड्या बदलून बदलून थकली मी. पाठ कोणता ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. अमरवेल आणि गोगलगाय. पण त्यात त्या काय करून दाखवणार, ते मलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, पाहसान तुम्ही. एवढंच बजावलं, की ही बाटली उन्हात ठेवू नका.

आदल्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. पाठासाठी काहीतरी वस्तू जमवायला घरीच थांबल्या होत्या. आणि आमच्याकडं समिती येणार म्हटलं की जे होतं ते झालं. प्राचार्यांनी फर्मान काढलं, सगळं चकाचक पाहिजे. फरशी, फळा, बागेतल्या विटांना चुना, आणि बरण्या. बरण्यांतलं औषध जुनं झालं की पिवळं, मळकट होतं, ते समितीच्या डोळ्यात भरतं. ते ओतून नवं भरायचं ही आमची रीत. मी दर तपासणीच्या आधी ते करायचो, आणि दर वेळी प्राचार्य म्हणायचे, वा सुपडा, बेडूक अगदी ताजा दिसून राह्यला.

त्या दिवशी मी सगळं कपाट केलं. साप केला, विंचू केले, खेकडे केले. हात चालले होते, तोंडात गाणं होतं. शेवटी मॅडमच्या टेबलावरची ती छोटी बाटली दिसली. तिच्यातलं स्पिरिट हिरवट झालेलं. मी म्हणालो, अरेरे, एवढ्या मोठ्या पाठाची बाटली आणि तिच्यात शेवाळ धरलं. ओतलं. तिन्ही गोगलगाई अलगद चिमट्यानं धरल्या, धुतल्या, नवं कोरं स्पिरिट भरलं, बाटली फडक्यानं पुसली आणि माझ्या वळणदार अक्षरात नवी चिठ्ठी चिकटवली. मग नेऊन सावलीत ठेवली. उन्हात ठेवू नका असं सांगितलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी पाठ असा सुरू झाला, की मला वाटलं जागा मॅडमच्या खिशात. अमरवेलीचा गुंता त्यांनी समितीच्या टेबलावर ठेवला, फुलं दाखवली. तज्ज्ञ साहेब स्वतः भिंग घेऊन वाकले. मग मॅडमनी खिडक्या लावायला सांगितल्या. मी लावल्या. त्यांनी पिशवीतून दिवा काढला. दुकानात खोट्या नोटा ओळखायला जांभळ्या उजेडाचा असतो तो, वडिलांच्या गल्ल्यावरचा. त्याच्यासाठीच त्या आदल्या दिवशी घरी थांबल्या होत्या.

त्यांच्यापुढं तीन बाटल्या होत्या. तिसरी मी खिडक्या लावून झाल्यावर अंधारातच आणून ठेवली होती. पहिलीत पालकाची पानं भिजवून काढलेलं हिरवं स्पिरिट. मॅडमनी त्यावर दिवा धरला आणि ते हिरवं पाणी आतून लाल पेटलं. लालभडक, निखाऱ्यासारखं. मी इतकी वर्षं पानांचं हिरवं काढलं, ते असं पेटतं हे मला माहीत नव्हतं. समितीतले एक गृहस्थ 'वा' म्हणाले. मॅडम म्हणाल्या, ज्याच्यात पानाचं हिरवं आहे ते या उजेडात लाल दिसतं. आता ही झाडाची बाटली, अमरवेल. दुसरीवर दिवा धरला. काही नाही. अंधारच.

"आणि आता," मॅडम म्हणाल्या, "ही प्राण्याची."

पालक पेटला तेव्हाच मी तिसऱ्या बाटलीकडं पाहिलं होतं. त्या हिरव्याची किंमत मला तेव्हा कळली. गोगलगाईंच्या अंगातलं सगळं हिरवं त्या जुन्या स्पिरिटात उतरलं होतं, आणि ते मी मोरीत ओतलं होतं. माझ्याजवळ अर्धं मिनिट होतं. मी ते अर्धं मिनिट भिंतीला पाठ लावून काढलं.

तिसऱ्या बाटलीवर दिवा धरला आणि काही झालं नाही. मॅडमनी बाटली हलवली, दिवा जवळ नेला. मग तज्ज्ञ साहेबांचा आवाज चढला. झाड विझलेलं, प्राणीही विझलेला, मग फरक काय दाखवता? आमचा वेळ कशाला घेता? हिरवं कुठं आहे? आणि मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, की बाटल्या कोणाच्या ताब्यात असतात.

इथं मला चार शब्द बोलायचे होते. साहेब, मी ओतलं ते. एवढंच. नोकरी जाणार नव्हती, प्राचार्य दोन दिवस बोलले नसते. पण डोळ्यांच्या चार जोड्या माझ्याकडं पाहत होत्या, आणि लोक माझ्याकडं पाहायला लागले की मला जे येतं तेच तोंडातून निघालं.

"साहेब," मी म्हणालो, "ती समुद्रातली लेक, तिकडच्या गार उन्हावर रांधणारी. इथं आमचं बुलढाण्याचं ऊन पाहून तिनं चूल विझवली अन् उपास धरला."

खोलीत हशा फुटला. प्राचार्य हसले, समिती हसली, तज्ज्ञ साहेब तर चष्मा काढून डोळे पुसत बसले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद असेल तो. आरडाओरडा थांबला, वातावरण हलकं झालं, मला वाटलं मी मॅडमना वाचवलं. तज्ज्ञ साहेब हसत हसतच म्हणाले, बसा मॅडम, झालं. आणि त्यांच्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. मॅडमनी दिवा बंद केला. खिडक्या उघडायला मला कोणी सांगितलं नाही, त्या त्यांनीच उघडल्या.

ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, पुन्हा करून दाखवते म्हणता येतं. हसून झालेल्या माणसापुढं काय करणार? हे मला त्या दिवशी सुचलं नाही, पुष्कळ वर्षांनी सुचलं.

त्या तरुणाचा पाठ झाला, ठीक झाला. मग समिती प्राचार्यांच्या खोलीत पोहे खात बसली. तासभर बसली. मॅडम प्रयोगशाळेत होत्या. मी दोनदा डोकावलो, त्या मोरीपाशी स्टूल ओढून बसल्या होत्या, धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवत. मी म्हणालो, मॅडम, चहा आणू? त्या नको म्हणाल्या आणि माझ्याकडं पाहत राहिल्या. मी म्हणालो, साहेब लोक फार हसले नाही? त्यांनी मान हलवली. प्राचार्यांची खोली तिथून तीस पावलं. मी ती तीस पावलं चाललो सुद्धा, तीनदा, पोह्यांच्या ताटल्या घेऊन. मग स्टाफरूममधे जाऊन उपाशी गोगलगायीची गोष्ट ज्यांनी ऐकली नव्हती त्यांना सांगितली.

जागा त्या तरुणाला मिळाली. मॅडमनी ते सत्र संपवलं आणि सोडलं. मुलांनी निरोप दिला, मी नारळ आणला होता. उपाशी गोगलगाय मात्र कॉलेजात राहिली. कोणाचा प्रयोग फसला की म्हणायचे, उपास धरला वाटते. मी निवृत्त झालो त्या दिवशीसुद्धा भाषणात तीच सांगितली गेली आणि टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत हारात बसून टाळ्या ऐकल्या. तेव्हा पहिल्यांदा त्या गोष्टीचा मला शीण आला. नंतर तो गेलाच नाही.

म्हणून हा लेख लिहायच्या आधी मी धामणगाव बढ्याला गेलो. मुलगा म्हणाला फोन करा. फोनवर मी थाप मारली असती, मला माझी सवय माहीत आहे. दोन गाड्या बदलल्या, गुडघे रस्त्यातच राहिले. मॅडम आता वडिलांच्या दुकानात बसतात. वरच्या खोलीत बारावीची पोरं शिकायला येतात, असं त्यांनी सांगितलं. केस पांढरे झाले आहेत. मला पाहून त्यांनी पाणी दिलं, पंखा माझ्याकडं वळवला, गुडघ्यांची चौकशी केली.

मी सुरू केलं. गाडीत पाठ करून गेलो होतो. तरी जीभ तिच्या वळणावर गेली, समितीचे चार जण सहा झाले, तज्ज्ञ साहेबांच्या आवाजानं खिडकीची काच तडकली. मग मी थांबलो. पाणी प्यालो. आणि म्हणालो, मॅडम, आदल्या दिवशी तुमच्या बाटलीतलं स्पिरिट मी बदललं होतं. हिरवं होतं ते मी ओतलं. मले साहेबांनी विचारलं तवा मी बोललो नाही, विनोद केला.

एक गिऱ्हाईक ब्लाउजपीस पाहत होतं. मॅडमनी तिला दोन रंग काढून दाखवले, तिनं एक निवडला, मॅडमनी तो घडी घालून पिशवीत टाकला. ती गेल्यावर उरलेली घडी फळीवर ठेवत त्या म्हणाल्या,

"मले त्याच दिवशी समजलं होतं, सुपडाभाऊ. तुम्ही सांगसान म्हणून थांबली होती."